सावळारामचा गावनिहाय रिपोर्ट

सावळारामनं छातीवर हात मारून घेतलेलं काम मागून दुसऱ्यालाच निस्तरावं लागतं, हे मुरबाडच्या त्या भातगिरणीतल्या पोत्यांनासुद्धा ठाऊक होतं. तरी सकाळी नऊला त्यानं मालक गोजरशेठपुढं छातीवर हात मारलाच.

"कल्याणचा इंजिनिअर कशाला पायजे, शेठ? गावनिहाय रिपोर्ट मी बनवलाय. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा तेवढा बाकी. चहा निवायच्या आत चढवतो."

"चार वाजता भिवंडीचा व्यापारी येतोय," शेठ म्हणाले. "कुठल्या गावचं कुठलं भात, किती पोती, ते त्याला कॉम्प्युटरवर बघायचंय. नाय दिसलं तर वर्षाचा माल तो दुसरीकडून उचलंल. आन मग उद्यापासून तुझ्या खुर्चीत संघरत्ना."

संघरत्ना म्हणजे शेजारच्या टेबलावरची ऑपरेटर. शहापूरहून रोज यायची, कामापुरतं बोलायची. खुर्ची मात्र बावीस वर्षं सावळारामची होती. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आला, पण खुर्चीतला माणूस बदलला नव्हता. खुर्ची जाणार म्हटल्यावर त्यानं ती टेबलाजवळ आणखी ओढून घेतली.

चहा निवला. रिपोर्ट काही चढेना. स्क्रीनवर लाल चौकोन आला: 'पहिल्या ओळीत रकान्यांची नावं सापडली नाहीत.'

"सापडली नाय म्हंजे? आंधळंय का हे?" सावळाराम करवादला. गाव, वाण, पोती अशी नावं त्यानं स्वतःच्या हातानं ठळक करून लिहिली होती.

मग उपाय सुरू झाले. आधी त्यानं रकान्यांचा पिवळा रंग काढला. मग नावं इंग्रजीत केली. त्यानंही भागेना, तेव्हा त्याला गावांचाच संशय आला.

"सिद्धगडाखालची तीन गावं काढून बघतो. तिकडं रेंज नाय. तिथंच अडकत असंल."

तीन गावं गेली, लाल चौकोन राहिला. शेवटी त्यानं कोरी फाइल घेतली आणि सगळा रिपोर्ट पहिल्यापासून लिहून काढला. तोही एकदा नाही, चारदा.

"काका, मी बघू का?" संघरत्नानं विचारलं.

"तू तुझी बिलं बघ गो."

अडीच वाजता त्यानं हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडं वैष्णवी नावाची मुलगी होती.

"सर, स्क्रीन शेअर करता का?"

"घरातलं परक्याला दाखवायची आमच्यात रीत नाय. तुमी विचारा, मी सांगतो."

तासभर ती विचारत राहिली आणि हा सांगत राहिला. शेठही येऊन मागं उभे राहिले. शेवटी ती दमून म्हणाली, "सर, पहिली ओळ जशीच्या तशी वाचा."

"गाव, वाण, पोती."

"त्याच्या वर काही नाही ना?"

"वर काय असणार? वर श्री."

"म्हणजे?"

"श्री हो. कागद सुरू करताना घालतात तो. तो काय लिहिण्यात धरत नाय कुणी."

"सॉफ्टवेअर धरतं, सर. तीच तुमची पहिली ओळ झाली. सिलेक्ट करून डिलीट करा."

"बाई, जरा जपून बोला," शेठ म्हणाले. त्यांचा हात आपसूक कपाळाकडं गेला होता.

सावळाराम बोट बटणापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. "शेठ, तुमच्या हातून होऊ द्या. गिरणी तुमची."

"फाइल तुझी. माझ्या अंगावर ढकलू नको." शेठनी इकडं तिकडं पाहिलं. "संघरत्ना, तू दाब."

संघरत्ना जागची हलली नाही. "मला सकाळीच दिसला होता तो, शेठ. पण विहारात जाणारी पोरगी आली आन तिनं गिरणीतला श्री पुसला, हे मला गावभर ऐकायचं नाय. पुसायचा तर तुमीच पुसा."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"मग आता गो?" सावळारामचा आवाज रडवेला झाला. वर्षाचा माल आणि बावीस वर्षांची खुर्ची, दोन्ही एका अक्षराखाली अडकलं होतं.

तेव्हा कुठं संघरत्ना उठली. तिनं श्रीला हात लावला नाही. त्याच्या खालचं सगळं उचलून शेजारच्या कोऱ्या शीटवर ठेवलं, सिद्धगडाखालची तीन गावं परत घातली आणि बटण दाबलं. रिपोर्ट चढला.

व्यापारी आला, त्यानं रिपोर्ट पाहिला आणि वर्षाचा माल ठरवून गेला. शेठ सावळारामकडं वळले.

"उद्यापासून कॉम्प्युटर संघरत्नाकडं."

"आन मी?"

शेठनी त्याच्या खुर्चीकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या माणसाला काहीतरी काम द्यायलाच हवं होतं. "श्रीबिगर काम सुरू करणं मला पटत नाय. तू कागदावर श्री लिही आन तिच्या स्क्रीनवर चिकटव. रोज. अक्षर चांगलंय तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळारामनं मान खाली घालून श्री लिहिला आणि चिकटवला. आपल्या जुन्या खुर्चीतल्या संघरत्नाला त्यानं हळूच विचारलं, "बरोबर आला का?"

"थोडा वर घ्या, काका," ती म्हणाली. "पहिली ओळ झाकतेय."