दोन पेनं आणि तिसरा रकाना

दोन वस्तूंमधली चांगली कुठली, हे माझ्याइतकं नेमकं सांगणारा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही! उगाच फुशारकी मारत नाही. बावीस वर्षं मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. पंखे, पायपुसणी, बॉयलरचे व्हॉल्व्ह, टाचण्या... त्या कारखान्यात जे जे आलं, ते आधी माझ्या तुलनात्मक तक्त्यातून गेलं. उभे रकाने पुरवठादारांचे, आडव्या ओळी गुणदोषांच्या. तक्ता पूर्ण झाला की बोट आपोआप योग्य वस्तूवर जातं!

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन पेनं ठेवली, तेव्हा मला मनातून हसूच आलं. लिहायची नव्हेत, इंजेक्शनची. एक निळं, एक जांभळं. खरी नावं सांगत नाही, उच्चारताना माझी जीभ अडखळते.

"वजन एकशे अठरा," बाई म्हणाल्या. "साखर काठावर आलीय. आणि हे घोरणं साधं नाही, मधेच श्वास अडकतोय. चालतो, खाणं कमी करतो, असं तुम्ही दोन वर्षं सांगताय."

"करतोच आहे," मी म्हणालो. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं.

"आता त्याला औषधाची जोड देऊ. दोन्ही आठवड्यातून एकदाच, पोटावर नाहीतर मांडीवर. निळं शरीरातल्या एका हॉर्मोनसारखं काम करतं, जांभळं दोन हॉर्मोन्ससारखं. भूक कमी होते, थोडं खाल्लं तरी पोट भरतं. जांभळ्यानं सरासरी वजन जरा जास्त उतरतं, निळं जरा जास्त वर्षं वापरात आहे. सुरुवातीला दोन्हींनी मळमळतं, पोट बिघडतं, म्हणून डोस हळूहळू वाढवायचा. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर? तुम्हाला कधी स्वादुपिंडाची सूज?"

"नाही."

"मग रिपोर्ट येऊ द्या, शुक्रवारी ठरवू. तुमचा काही कल?"

हा शेवटचा प्रश्न बाईंनी विचारायला नको होता.

"शुक्रवारी तक्ताच देतो!" मी म्हणालो.

"कसला तक्ता?"

टेबलाखाली बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या सांगतील ते घ्या ना गप. सुईला घाबरताय का?"

"मी? सुईला? छे!" मी जरा गरजेपेक्षा मोठ्यानंच हसलो.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. आठ महिने झाले, बायको उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेली होती. माझं घोरणं तिला सहन होत नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही, नुसती उशी गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला पलंगाची ती रिकामी बाजू किती मोठी दिसते, ते सांगून कळायचं नाही. मला ती उशी परत हवी होती. तेवढ्यासाठी मी निळं-जांभळं काय, सप्तरंगी इंजेक्शनही घेतलं असतं. फक्त त्याआधी तक्ता व्हायला हवा होता!

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बसलो. सतरा ओळी काढल्या. वजनातली घट, मळमळ, बद्धकोष्ठ, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं का, सुईची लांबी, दर... काही सोडलं नाही. पण तक्ता झाला आणि मला चैन पडेना. आमच्या कारखान्याचा नियम आहे, तीन पर्यायांशिवाय तक्ता वैध नाही. उजवीकडचा तिसरा रकाना रिकामा पाहून हात शिवशिवायला लागले. शेवटी भरून टाकला. पर्याय क : काहीच न करणे. पुरवठादार : स्वतः. मळमळ : नाही. सुई : नाही. दर : शून्य. खरं सांगतो, तो रकाना भरताना फार बरं वाटलं.

प्रिंट काढली. त्याच वेळी मीटिंगच्या खोलीतल्या नव्या खुर्च्यांचाही तक्ता प्रिंटरमधून येत होता. दोन्ही तक्ते माझेच, एकाच साच्यातले, एकाच आकाराचे. मी वरचा कागद पाकिटात घालून पिशवीत टाकला. खालचा टपालबाईंनी सह्यांच्या हिरव्या फोल्डरमध्ये ठेवला. टपालबाई म्हणजे आमच्या विभागाचे कागद टेबलोटेबली फिरवणाऱ्या. कागद हातात आला की तो पुढे गेलाच पाहिजे, एवढं एकच त्यांना ठाऊक!

घरी आल्यावर मी पाकीट बायकोपुढे ठेवलं. "सगळं यात आहे. नीट वाच. तुला पटलं तर पुढचं ठरवू." आणि ऐटीत आंघोळीला गेलो.

बाहेर आलो, तर बायको कागद हातात धरून बसलेली.

"हे तुम्ही ठरवलंय?" तिनं विचारलं.

"नुसतं ठरवलं नाही, अभ्यास केलाय!"

"एकशे पन्नास किलोपर्यंत वजन पेलणारी?"

"काय?"

"पाठीला आधार, हातांना मऊ गादी, खाली पाच चाकं!" तिचा आवाज चढला. "माणसं वजन कमी करतात! तुम्ही वजन पेलणारी खुर्ची घेताय? वर एकशे पन्नासची! म्हणजे अजून बत्तीस किलो वाढवायचा विचार आहे?"

"अगं, ही मीटिंगची..."

"चाकं कशाला? मी ढकलत नेऊ तुम्हाला घरभर?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खुर्च्या घरी आल्या होत्या. म्हणजे माझी मळमळ, माझं बद्धकोष्ठ आणि माझा 'क' हिरव्या फोल्डरमध्ये होते!

मी काही सांगायच्या आत बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडण्याआधीच दारात. लिफ्ट बंद! तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून मी टपालबाईंपुढे उभा राहिलो, तेव्हा धाप लागून नुसता हात हलवत होतो.

"फोल्डर? ते कालच गेलं की," टपालबाई म्हणाल्या. "तातडीचं होतं ना? तुमच्या सगळ्याच कागदांवर तुम्ही 'तातडीचे' लिहिता."

धावत भांडारप्रमुखांकडे गेलो. आम्ही त्यांना कुलूपवाले म्हणतो. टाचणी द्यायची तरी तीन कुलपं उघडतात.

"सही केली तुमच्या तक्त्यावर," कुलूपवाले म्हणाले. "पण अ आणि ब फ्रीजमध्ये ठेवायचे म्हणता. भांडारात फ्रीज नाही. क ला काय लागतं?"

"काही लागत नाही, पण साहेब, तो कागद..."

"मग क उत्तम!"

त्यांना कागद कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक जण फक्त आपापली ओळ वाचतो. बावीस वर्षं मीच त्यांना ही सवय लावली होती. 'तुमची ओळ तेवढी बघा, बाकीचं मी पाहिलंय,' असं मीच सांगायचो!

तिथून गुणवत्ता विभागात. त्या बाईंनी शेरा मारला होता : 'मळमळ किती? प्रमाण नमूद करावे. नमुना मागवावा.' तिथून हिशेब विभागात. तिथले साहेब सगळ्या मागण्यांना कात्री लावतात म्हणून त्यांचं नाव कात्री. कात्रीसाहेब बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले!

"शून्य दर! आजवर तुम्ही असा पुरवठादार आणला नव्हता!"

"साहेब, फाईल कुठंय?"

"शिफारस करून मोठ्या साहेबांकडे पाठवली. जातीनं नेऊन दिली!"

मोठ्या साहेबांच्या केबिनच्या दारावर टकटक केली. आत गेलो, तर तक्ता त्यांच्या पुढ्यातच. खाली चौथी सही, शाई अजून ओली.

"बसा," साहेब म्हणाले. मग उठून त्यांनी दार लावलं. आता नोकरी जाते, असं मला वाटलं.

"हे बी... म्हणजे ब," साहेब हळूच म्हणाले, "जांभळं ना? मी चार महिने निळ्यावर आहे. कुणाला बोलू नका. तुमची मळमळीची ओळ अगदी बरोबर आहे हो! पहिले काही आठवडे. हळू खायचं, तळलेलं टाळायचं, आणि पोट भरलं की ताट बाजूला सारायचं. नऊ किलो उतरलोय."

मला एकदम धीर आला. इतका, की एरवी कुणापुढेही बोललो नसतो ते बोलून गेलो. "साहेब, टोचताना... दुखतं का हो? चौथीत लस टोचायला माणसं आली, तेव्हा मी शाळेच्या टाकीमागे लपलो होतो. हेडमास्तरांनी कानाला धरून आणलं होतं."

साहेबांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे हा सतरा ओळींचा तक्ता त्या सुईसाठी?"

मी हळूच तक्त्यातली सुईची ओळ हातानं झाकली.

"पण साहेब, तुम्ही स्वतः निळं घेता. मग मंजूर क का केलात?"

"नियम!" साहेब खांदे उडवून म्हणाले. "सर्वांत कमी दर. मी काय करणार?"

"मग रद्द करा ना!"

"रद्द करायची वेगळी फाईल करा. चार सह्या लागतील."

शेवटी एक झेरॉक्स तेवढी मिळाली. संध्याकाळी ती बायकोपुढे ठेवली आणि खुर्चीपासून सगळी कहाणी सांगितली. शाळेच्या टाकीसकट!

ती कागद वाचायला लागली. 'पर्याय क, काहीच न करणे, मंजूर' आणि खाली चार सह्या. आधी तिचे खांदे हलले, मग ती पोट धरून हसायला लागली. इतकी, की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो. आणि मग एकदम तिचे डोळे भरून आले.

"तुम्हाला काय वाटतं, मी घोरण्याला कंटाळून हॉलमध्ये गेले?" ती म्हणाली. "घोरणं चालतं हो मला. घोरणं थांबतं ना, तेव्हा मी उठून बसते. परत सुरू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. शेजारी असले की मी श्वासच मोजत राहते, म्हणून तिकडे गेले. आणि तिकडूनही कान तुमच्याकडेच असतात." तिनं कागदावर बोट ठेवलं. "सतरा ओळी काढल्यात. यात माझी ओळ कुठंय?"

नव्हती. मी कागदाच्या मागची बाजूसुद्धा पाहिली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "तुम्हाला दोन्ही चालतील. इंजेक्शन देणार कोण?"

"मी!" बायको म्हणाली.

बाईंनी तिच्या हातात सरावाची दोन पेनं दिली. तिनं एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, अंगठा फिरवून पाहिला. "हे निळं."

"निकष काय?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"हाताला बसतंय."

संपलं! बावीस वर्षांचा अनुभव आणि सतरा ओळी, अर्ध्या मिनिटात निकालात! आणि डॉक्टरीणबाई चक्क म्हणाल्या, "चांगलं कारण आहे. नियमित घेतलं जाईल ते खरं औषध."

रविवारी सकाळी मी पलंगावर शर्ट वर करून, डोळे गच्च मिटून पडलो. "हे बघ, आधी दहा सेकंद थांबायचं. मी एक ते दहा मोजतो, मग तू मला सांगायचं, मग मी दीर्घ श्वास घेतो, मग..."

"झालं."

"काय झालं? अजून मी मोजलं कुठं?"

"टोचून झालं! उठा, चहा गार होतोय."

मी डोळे उघडले. पोटावर बघितलं. कुठं टोचलं तेही सापडेना! एवढ्यासाठी मी पंचेचाळीस वर्षं त्या टाकीमागे उभा होतो!

पहिले दोन आठवडे मळमळलं, अगदी माझ्या तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीप्रमाणे. त्याचं दुःख नाही, कारण तिसऱ्या दिवशीच उशी परत आली. "घोरणं थांबलं म्हणून नाही आले," बायकोनं बजावलं. "ओकारी आली तर बादली द्यायला कुणी हवं ना." कारण काही का असेना, उशी आली! आणि वजनाचा काटा सावकाश का होईना, डावीकडे सरकायला लागलाय.

परवा ऑफिसात एक लिफाफा माझ्या टेबलावर आला. कात्रीसाहेबांच्या सहीचं पत्र होतं. 'प्रति, मेसर्स स्वतः. आपला दर मंजूर झाला असून, काहीच न करणे, नग एक, पंधरा दिवसांत पुरवावे. विलंब झाल्यास दंड आकारण्यात येईल.'

पुरवठादार म्हणून उत्तर देणं भाग होतं. मी शांतपणे लिहिलं : 'महोदय, सदर मालाचा पुरवठा आमच्याकडून अनेक वर्षे अखंड होत होता. परंतु त्याचे उत्पादन आता कायमचे बंद करण्यात आले आहे.'

पाठवण्याआधी खाली बायकोची सही घेतली. तिनं मात्र सगळ्या ओळी वाचल्या.