बोलतं वावर

पैसे मोजून बिबट्या बघायला आलेल्या माणसाला बिबट्या दिसू द्यायचा नाही, हा माझ्या नामामामांचा धंदा.

पिंपरी पेंढारला त्यांचा ऊस आहे आणि त्यात बिबट्या आहे, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. पुण्याचे कॅमेरेवाले संध्याकाळी बांधावर बसायचे पैसे देतात. "शिकारीला आलोय," म्हणतात, फोटोच्याच. गिऱ्हाईक मी आणतो, कारण इतकी वर्षं पुण्यात राहून मला दुसरं काही विकता आलेलं नाही.

मामा पैसे आगाऊ घेतात आणि गिऱ्हाइकाशेजारी बसून बोलायला लागतात. कांद्याचा भाव, व्याह्यांची मूळव्याध, काहीही. आवाज शेजारच्या शिवारात जाईल असा.

"काका, जरा हळू!"

"पावणं, हळू बोलून कुनाचं भलं झालंय?"

बिबट्या कशाला फिरकतोय!

"बिबट्या दिसला न्हाई तर पैशे परत न्हाईत," मामा बजावतात. "तुमीच दिसला न्हाईत, तर मंग बगू."

परवा एक डॉक्टर चिडले. दुप्पट पैसे पुढं करून म्हणाले, "तुम्ही फक्त गप्प बसा." मीही मामांना डोळ्यांनी दटावलं. मामा गप्प बसले. त्या वावरातली शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

तेवढ्यात खालून फोटो घ्यायला डॉक्टर बांध उतरले आणि उसाच्या कडेला उकिडवे बसले.

"उभं ऱ्हावा! ओ पावणं, उभं ऱ्हावा!"

मामा धावले. बखोट धरून त्यांना वर ओढलं. उसाची पानं हलली आणि आत काहीतरी जड सरकत लांब गेलं.

"अहो, दिसला असता ना!"

मामांना धाप लागली होती. "वाकलेलं मानूस त्याला मानूस वाटत न्हाई. शेरडू वाटतंय."

मामी गेली ती गवत कापताना, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडं एक जण गवताला वाकला की दुसऱ्यानं जवळ उभं राहून मोठ्यानं बोलत राहायचं असतं. त्या दिवशी मामा घरातच होते, हे त्यांनी आत्ता सांगितलं.

"म्हनली, चला की वाईच, बोलत उभं ऱ्हावा. मी म्हनलं, तुझ्याशी आता काय बोलायचं ऱ्हायलंय?"

डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला.

मामांनी त्यांचा हात सोडला नव्हता. "गाडी लांब लावलीया तुमी," ते म्हणाले. "चला, सोडतो. पर बोलत चला. काय बी बोला."