चोवीस इंग्रज, चोवीस कुत्री

मी नृसिंह धर्माधिकारी. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला आहे, आणि मला मिळाली नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे! जी जर्मन कंपनी बुडून वीस वर्षं झाली, तिच्या मशीनचं बेअरिंग मी भंगारातून हुडकून काढलंय. स्वतःच्या लग्नात भटजींना दर्भ सापडेना, तर मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत स्कूटरवर जाऊन मीच आणला होता. तेव्हा चोवीस घोडेस्वार म्हणजे काय मोठंसं! "आठवड्यात आणतो," असं मी कल्याणला छाती ठोकून सांगितलं. तिथून माझी घसरगुंडी सुरू झाली.

कल्याण माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघं दरवर्षी एक जुनी लढाई टेबलावर लढतो. अंगठ्याएवढे सैनिक, फासे आणि शिंप्याची मोजपट्टी. आम्ही याला वॉरगेमिंग म्हणतो. माझी बायको रुचा याला "तुमचं ते" म्हणते. यंदा असईची लढाई ठरली, १८०३ सालची. एका बाजूला शिंदे, दुसऱ्या बाजूला इंग्रज. इंग्रज व्हायला कोणीच तयार होईना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. इंग्रज माझ्या नशिबी आले.

कल्याणला वाटलं, मी हिरमुसेन. माझ्या तर मनात लाडू फुटत होते! सहा वर्षांत मी त्याच्याशी एकदाही जिंकलेलो नाही. पानिपतात हरलो ते समजू शकतो, पण हा माणूस मला खर्ड्यालाही हरवतो, जिथे मराठे जिंकले होते आणि मराठे मी होतो! असईला मात्र इंग्रज खरोखरच जिंकले होते. सातव्या वर्षी का होईना, इतिहास माझ्या बाजूने उभा राहिला होता. फक्त इंग्रजांचं घोडदळ हवं होतं. ते नसेल तर इंग्रजांनी टेबलाजवळ येऊच नये.

पायदळ माझ्याकडे होतं. घोडदळ शोधायला बसलो.

विलायतेतल्या दुकानाने कळवलं, "माल संपला, मार्चमध्ये बघू." दिल्लीच्या एकाने "ब्रिटिश लाल कोट, पूर्ण संच" म्हणून खोकं पाठवलं. उघडलं तर लाल कोट होते, पांढऱ्या विजारी होत्या, पण घोडे नव्हते आणि प्रत्येकाच्या हातात ढोल नाहीतर बिगुल होता. वरातीतला बँड! रणगाड्यांच्या संग्रहालयात चौकशी केली. तिथल्या गृहस्थांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "घोडं पायजे तर लई उशिरा आलात. आता समदी लोखंडी हायेत."

तीन आठवडे गेले. शेवटी आमच्या कारखान्यातला फोरमन गोरक्षनाथ म्हणाला, "साहेब, आमचे साडू हायेत राहात्याला, वाल्मिकराव. देवाच्या पितळी मूर्ती ओतत्यात. अंगठ्याएवढा घोडा आन् वर स्वार, त्यांच्या हातचा मळ हाय."

मी तडक राहाता गाठलं. वाल्मिकरावांनी मोबाईलवरचं चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"इंग्रज म्या कवा केला न्हाई. पन घोडा हाय, स्वार हाय, तलवार हाय. टोपी आन् बूट तेवढं नवं करावं लागंल."

"टोपीवर केसांचा तुरा पाहिजे."

"तुरा करू की! तुऱ्याला काय."

त्यांनी फळीवरून नमुन्याचा एक स्वार काढून माझ्या हातात दिला. "आणि हा खाली पायाशी कुत्रा कशाला?"

"त्यो साच्यातच हाय साहेब. खंडेरायाचा साचा हाय ना. कुत्रा काढाया गेलो तर घोड्याचा पाय जातोय. पळू द्या की इंग्रजासंगं!"

मी विचार केला, इंग्रजांना नाहीतरी कुत्री आवडतात. हो म्हणालो.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. तिचे वडील बेचाळीसच्या चळवळीत सव्वा वर्ष तुरुंगात होते. तेव्हापासून आमच्या आजोळी इंग्रज या प्राण्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. आई विलायती चिंचसुद्धा खात नाही, का, तर विलायती! म्हणून यंदा मी इंग्रजांकडून लढतोय हे मी आईला सांगितलं नव्हतं. रुचाला माहीत होतं. तिने "तुझं तू बघ," एवढंच म्हटलं होतं. हे वाक्य तिने उच्चारलं की माझं हमखास वाटोळं होतं.

लढाई रविवारी सकाळी दहाला, आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर ठरली होती. आदल्या बुधवारी मी कामावर असताना वाल्मिकराव स्वतः माल घेऊन घरी आले. तांबड्या फडक्यात बांधून! आईने दार उघडलं. आणि तो बुधवार निघाला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. खंडोबाचं नवरात्र बसण्याचा दिवस. खंडोबा आमचं कुलदैवत!

संध्याकाळी घरी आलो तर जिन्यातच धुपाचा वास. हॉलमध्ये चौरंग, चौरंगावर घट, आणि घटाभोवती रांगांनी मांडलेलं माझं घोडदळ! चोवीसच्या चोवीस लाइट ड्रॅगून्स, नाकातोंडात भंडारा गेलेले, गळ्यात झेंडूची एकेक पाकळी. समोर पुरणपोळीचा नैवेद्य. माझा कर्नल तर हळदीने असा माखला होता, की त्याचं नुसतं शिरस्त्राण दिसत होतं.

"नरसू!" आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, तुला देवाधर्माचं काही नाही. आणि तू चोवीस खंडेराय घडवून घेतलेस! गपचूप! नवस होता ना रे?"

आईच्या पाठीमागून रुचा ओठांची हालचाल करून म्हणत होती, "सांग. आत्ता सांग."

मी तोंड उघडलं. "हो," मी म्हणालो.

वाचकहो, तुम्ही काय केलं असतंत? म्हातारी कित्येक वर्षांत माझ्यावर इतकी खूश झाली नव्हती. मी बाल्कनीत जाऊन वाल्मिकरावांना फोन लावला.

"अहो, तुम्ही सांगायचं नाही का, की हे इंग्रज आहेत म्हणून?"

"आजीनं दारातच हात जोडलं ना साहेब! म्हनल्या, देव आला. त्यांचं तोंड बघून जीभच उचलंना माजी."

त्यांची उचलली नाही, माझी उचलली नाही. रुचाची उचलते, पण तिने ती माझ्यावर चालवली. "दोन तासांसाठी मागून घे," ती म्हणाली. मी आईकडे गेलो. "आई, रविवारी जरा हे देव दुसऱ्या खोलीत..."

"घट बसलाय! उठेपर्यंत देव जागचा हलवतात का कधी?"

गुरुवारी शेजारच्या शोभाकाकू येऊन गेल्या. शुक्रवारी त्यांचं अख्खं भजनी मंडळ आलं. शनिवारी खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब वाटीभर भंडारा घेऊन आले आणि माझ्या पाया पडायला वाकले! माझ्या! वयाने ते पंचाहत्तर. मी घाबरून त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर दोघांची डोकी आपटली. त्यांनी त्यालाही प्रसाद मानलं. दुपारी आईने जाहीर केलं, "चंपाषष्ठीला घट उठला की एक मूर्ती आपल्याकडे ठेवायची. बाकीचे तेवीस देव मंडळातल्या बायकांना द्यायचे. नरसूची तशीच इच्छा आहे."

नरसूची इच्छा चौथ्या मजल्यावरून उडी मारायची होती. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

कल्याणला फोन केला. "पुढच्या रविवारी करू या का?"

"चालेल की. फक्त वहीत 'नृसिंह हरला' असं लिहितो. सात झाले."

"ये," मी म्हणालो. "दहाला ये."

ठरवलं असं, की कल्याणला दारातूनच बेडरूममध्ये ढकलायचं आणि घोडदळाच्या जागी बँडवाले मांडायचे. युद्धनीती म्हणून वाईट नव्हती! पण रविवारी मी पावणेदहाला आंघोळीत असताना कल्याण आला. लवकर! आयुष्यात कधी हा माणूस वेळेवर आलेला नाही. हॉलमध्ये दहा बायका टाळ घेऊन बसलेल्या. मी टॉवेल गुंडाळून दाराच्या फटीतून पाहतो, तर हा दोन्ही काखांत शिंद्यांची फौज घेऊन चौरंगासमोर उभा. चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"अरे वा!" तो ओरडला. त्याचा आवाज वर्गात शिकवून शिकवून मोठा झालाय. "एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स! अस्सल इंग्रज घोडदळ! नरश्या, मिळवलंस लेका!"

टाळ थांबले.

"कोण म्हणालास?" आईने विचारलं.

"इंग्रज, काकू. असईला यांनीच..." मग त्याला हळद दिसली. मग झेंडू दिसला. शेवटी मी दिसलो, टॉवेलमध्ये.

आई सावकाश उठली. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि एक स्वार उचलून खिडकीजवळ नेला. अंगठ्याने त्याच्यावरची हळद हळूहळू पुसली. मग त्याचे पाय निरखले.

"बूट आहेत याच्या पायात," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. टॉवेलमध्ये माणसाला यापेक्षा जास्त काही करता येत नाही.

"पाच दिवस," आई म्हणाली. "पाच दिवस मी यांना पुरणपोळी भरवतेय. तू बघत होतास. मला तेव्हाच सांगायचं होतंस, नरसू. मी काय, रागावले असते. दुसरं काय केलं असतं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून तो आत कुठेतरी जाऊन लागला. "चुकलं," एवढंच मला म्हणता आलं. आणि खरंच चुकलं होतं.

तेवढ्यात शोभाकाकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "ते काही का असेना! तिसऱ्या रांगेतल्या त्या कोपऱ्यातल्याला मी माझ्या गुडघ्याचं साकडं घातलं होतं. परवापासून मी लिफ्टशिवाय चढतेय. मला तोच पाहिजे!"

"माझ्या भावाचं बदलीचं काम झालं," दुसरी म्हणाली.

बायकांत कुजबुज सुरू झाली. आई विचारात पडली. तिने स्वाराकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"कुत्रा आपला आहे," ती निकाल देत म्हणाली. "तलवार आपल्या खंडेरायाची, घोडा आपला, अंगावर भंडारा. एवढ्यात राहून इंग्रज कितीसा इंग्रज राहील? भजन सुरू करा!"

कल्याण ओशाळून हातभार लावायला पुढे झाला. आईच्या हातातला स्वार घेऊन चौरंगावर ठेवायला गेला आणि भंडाऱ्याने बोटं घसरली! खण्णकन आवाज. तलवार मुठीपासून मोडली.

"खंडित झाली मूर्ती," आई म्हणाली. "आता पूजेत चालणार नाही. घे. हा तुझा."

अशा रीतीने माझं घोडदळ मला मिळालं. एक स्वार, बिनतलवारीचा. शिवाय एक कुत्रा.

बेडरूममध्ये टेबल मांडलं. पलीकडून टाळांचा गजर. कल्याण म्हणाला, "तुला नको असेल तर आपण रद्द करू." मी नाही म्हणालो. पहिल्या फेरीला माझ्या स्वाराने धाव घेतली, दुसऱ्या फेरीला शिंद्यांच्या तोफेने फासा टाकला, पाच पडले. स्वार गेला. चाळीस मिनिटांत सगळे इंग्रज गेले. असईची लढाई शिंद्यांनी जिंकली, आणि हॉलमधून त्याच क्षणी "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं. कल्याणने वहीत सात लिहिले. निघताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

बायका गेल्यावर आई पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"झाला खेळ? तो स्वार आण. रिक्षा बोलाव. सीना नदीवर जायचंय."

"कशाला?"

"खंडित मूर्ती घरात ठेवतात का? विसर्जन नको का करायला?"

"अगं आई, पण तो इंग्रज आहे!"

"असू दे. पाच दिवस आपल्या घरचं जेवलाय."

नदीला पाणी घोट्याएवढं. पुलाखाली उतरून मी माझा शेवटचा ड्रॅगून सोडला. तो बुडालाच नाही. चिखलात रुतून उभा राहिला, तुऱ्यासकट, कुत्र्यासकट, तोंड माझ्याकडे. मला वाटलं, हात घालून उचलावा आणि खिशात टाकावा. मागे वळून पाहिलं, तर काठावर आई पदर डोक्यावरून घेऊन उभी.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "नमस्कार कर."

मी केला. वर पुलावर रिक्षावाला होता, त्यानेही केला. कोणाला केला, हे त्याला अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.