कानाने घेतलेले घड्याळ

श्रीनिवासअण्णा कोणतीही वस्तू डोळ्यांनी विकत घेत नाहीत, कानांनी घेतात. नारळ आणि मडके आपणही वाजवून पाहतो, ते सोडून द्या. अण्णा खुर्ची वाजवतात, दाराची कडी वाजवतात, स्टीलच्या डब्याचे झाकण दुकानदारासमोर उघडझाप करून ऐकतात. एकदा त्यांनी नव्या चपलांचा जोड एकमेकांवर आपटून ऐकला, तेव्हा शेजारची गिऱ्हाइके दोन पावले मागे सरकली होती. "स्वल्प थांबा, ऐकू द्या," हे त्यांचे वाक्य बंगळुरात के. आर. पुरममधल्या आमच्या गल्लीतल्या भाजीवालीलाही पाठ आहे. तिला मराठी येत नाही. तरी भोपळा पुढे करताना तीच आधी ते म्हणून टाकते.

यामागे शास्त्र आहे. अण्णांची सारी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. ओतीव लोखंडाच्या भागावर लहान हातोडी मारायची. स्वच्छ नाद आला तर भाग चांगला, बद्द आवाज आला तर आत तडा. निवृत्तीच्या दिवशी हातोडी कारखान्यात राहिली, कान मात्र घरी आले.

त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातले. अण्णांनी लग्न केले नाही. थोरली बहीण, जिला सारी गल्ली अक्का म्हणते, आणि तिचे यजमान त्यांच्याबरोबरच राहत. दोन वर्षांपूर्वी यजमान वारले आणि घरात ही दोन भावंडेच उरली.

दिवाळीच्या आधी अण्णा माझ्याकडे आले. भाऊबीजेला त्यांना अक्कासाठी घड्याळ घ्यायचे होते: धातूच्या पट्ट्याचे, बांगडीसारखे दिसणारे, आणि पेन्शनला झेपेल असे. "मास्तर, तुम्ही चला," ते म्हणाले. "गेल्या भाऊबीजेला दिलेलं तिनं कपाटात ठेवलं. या वेळी तिनं हातात घातलं पाहिजे."

मी आयुष्यभर शिकवले आहे. कोणी विचारले की शिकवतो. इंदिरानगरला जाताना मेट्रोत मी विषय क्रमाने मांडला. क्वार्ट्झ घड्याळ बॅटरीवर चालते, त्याला किल्ली लागत नाही. स्वस्त असो वा महाग, रोजच्या कामापुरती वेळ दोन्ही अचूकच दाखवतात. म्हणून पैसे अचूकपणासाठी मोजू नयेत. आकडे मोठे असावेत. मागचे झाकण स्टेनलेस स्टीलचे असावे, म्हणजे घामाने कातडीला त्रास होत नाही. पट्टा मनगटावर बेताचा बसावा आणि त्याच्या कड्या भरीव असाव्यात. पोकळ पत्र्याच्या कड्या खुळखुळतात. अण्णा कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान हलवत होते. कड्यांचा मुद्दा तर त्यांनी मला पुन्हा सांगायला लावला. उतारवयात एक चांगला विद्यार्थी लाभला, असे मला वाटले.

दुकानातल्या मुलीने मखमली तबकात घड्याळे मांडली. अण्णांनी माझ्या पसंतीचे, भरीव कड्यांचे घड्याळ उचलले, कानाशी नेले आणि हलवले. "मुकं आहे," म्हणून परत ठेवले. दुसरेही मुके निघाले, तिसरेही. क्वार्ट्झची टिकटिक अशी तपासायची नसते, हे मी समजावले. त्यांनी मलाच थांबवून स्वल्प ऐकू द्यायला सांगितले. मुलीने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, सरांना ऐकायला कमी येते का, बोलून वेळ सांगणारे घड्याळ काढू का.

शेवटी अगदी कोपऱ्यातल्या स्वस्त घड्याळांतले एक त्यांनी उचलले. सोनेरी मुलामा, पातळ पत्र्याच्या पोकळ कड्या. हलवताच ते खुळखुळले आणि अण्णांचा चेहरा उजळला. मापासाठी त्यांनी रुमालातून अक्काची एक जुनी बांगडी आणली होती. तिच्यावरून अंदाज घेऊन मुलगी म्हणाली, "तुंबा लूज आगुत्ते, सर." फारच सैल होईल, दोन कड्या काढून देते. अण्णांनी घड्याळावर तळहात ठेवला. "एकही काढायची नाही."

परतीच्या वाटेवर, फलाटावर, मी त्यांना म्हटले की माझ्या पाठातले नेमके जे टाळायचे तेच त्यांनी निवडले आहे. अण्णांनी डब्बी कानाशी नेऊन एकदा हलवली.

"मास्तर, पूर्वी मी पेपर वाचत बसलो तरी अक्का घरात कुठं आहे ते कळायचं. पोळ्या लाटतेय, तुळशीला पाणी घालतेय, सगळं बांगड्यांवरून. भाऊजी गेले आणि तिनं त्या काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. मी नव्या आणून दिल्या, त्या कपाटात गेल्या. आता ती घरात असते आणि ऐकूच येत नाही. मी मधूनमधून उठून बघून येतो, आहे ना म्हणून." गाडी येताना दिसली तेव्हा ते म्हणाले, "घड्याळाला कोण काय म्हणणार?"

भाऊबीजेला फराळासाठी मला बोलावणे होते. ओवाळून झाल्यावर अक्काने घड्याळ डाव्या हातात घातले. हात वर करताच ते खळखळत कोपराकडे घसरले. "शीनू, हे घड्याळ आणलंस की गाईच्या गळ्यातली घंटा? उद्या जाऊन कड्या काढून आण." अण्णा "सरी, बघू" एवढेच म्हणाले. अक्काने घड्याळ उतरवून डब्बीत ठेवले आणि डब्बी आत नेली. मी आणखी एक चकली घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली. मान वर न करता ते म्हणाले, "डबा उघडला. तुमच्यासाठी लाडू येतोय." लाडू आला. अक्काच्या हातात घड्याळ होते. एकही कडी कमी केलेली नव्हती. पण हात उजवा होता. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले की घड्याळ डाव्या हातात घालावे. कामाच्या हाताला धक्के फार बसतात.

अक्काने बशी ठेवली. पेपराआडच्या भावाकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. "चार दिवस डाव्यात घालून बघितलं, मास्तर. डावा हात वाजतच नाही हो."

ती आत गेली. पेपराआडून अण्णा म्हणाले, "तुळशीकडे गेली."