खंडेनवमीला अडकलेला पाना

चारचौघांत जीपला धक्का मारायची मला लाज वाटते. एवढ्या एका लाजेपायी पुढची सगळी लाज पदरात पडली.

जीप सासऱ्यांची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासरे, म्हणजे नागप्पा, सोलापुरात आमच्याकडे राहतात आणि त्यांची जुनी डिझेल जीप आमच्या अंगणात. दसऱ्याला अक्कलकोटच्या पलीकडे जाऊन थोरल्या बहिणीला, जगदेवीअक्कांना, आपट्याचं पान द्यायचं आणि पाया पडायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी गुडघ्यांनी तो मोडला. अक्का आता फार थकल्या आहेत, त्यामुळे यंदा जायचंच, असं ते श्रावणापासून म्हणत होते.

नेमका आदल्या दिवशी स्टार्टर रुसला. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्’. सासरे म्हणाले, धक्का मारून निघू. आता धक्का कोण मारणार? जावई! अक्कांच्या दारात सगळी भावकी बघतेय आणि जिल्हा परिषदेतला सीनियर क्लार्क जीप ढकलतोय, हे चित्र काही मला बघवेना.

गॅरेजवाल्या सोमशेखरला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, आज खंडेनवमी. पाने पूजेत बसलेत. आज हात लावायचा न्हाय.” दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. गावातले सगळे पाने झेंडूखाली विश्रांती घेत होते. मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस शीळ घालत घालत स्टार्टर काढून मोकळा झाला. (त्याच्याकडे पाने होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.)

आमच्या घरातली हत्यारंही देव्हाऱ्यापुढे हळदकुंकू लावून मांडलेली. पण स्कूटरच्या डिकीतला एक पाना पूजेला न्यायचा राहिला होता. सासरे दुपारी आडवे झाल्यावर मी तो घेऊन जीपला भिडलो. बॅटरीची वायर न काढल्यामुळे सुरुवातीलाच मोठी ठिणगी उडाली आणि मी मागच्या तुळशीत जाऊन बसलो. मग वायर काढली. खालचा बोल्ट निघाला, तेव्हा बायकोला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवला. सिद्धेश्वरीनं बोल्टकडे न बघता विचारलं, “अप्पांना सांगितलंय का?” मी म्हणालो, सरप्राइज आहे.

वरचा बोल्ट दिसत नव्हता, नुसता बोटांना लागत होता. त्या पान्यानं मी त्याचे कोपरे तेवढे झिजवले. तिथं बोल्टला सगळीकडून धरणारा रिंगपानाच हवा होता आणि रिंगपाना देवापुढे होता.

मी तो उचलला. (नमस्कार करून.) त्याच्या जागी स्वयंपाकघरातली सांडशी ठेवली आणि वर भरपूर झेंडू पसरला.

झिजलेल्या बोल्टवर रिंगपाना बसेना. हातोडी पूजेत, म्हणून वरवंट्यानं ठोकला. बसला. असा बसला की फिरेना आणि निघेनाही. मी लोंबकळलो, लाथ मारली, शेवटी साहेबांशी बोलतो त्या आवाजात विनंतीही केली. स्टार्टर जागचा हलला नाही.

तेवढ्यात आत घंटा वाजली. मी काळे हात पाठीमागे लपवून आरतीला उभा राहिलो. सासऱ्यांनी ताजं कुंकू लावायला फुलं बाजूला केली. खालून सांडशी निघाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जावईबापू, पाना कुटं हाय?”

“जीपमध्ये. अडकलाय.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी ते ताम्हण घेऊन, भिंत धरत, दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरले, बॉनेटमध्ये वाकले आणि त्या अडकलेल्या पान्याला ओवाळून आले. शेजारीपाजारी आमच्या फाटकाशी जमून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी सासरे स्टिअरिंगवर बसले, त्याच शेजाऱ्यांसोबत मी धक्का मारला आणि जीप सुरू झाली. पाना वाटभर खडखडत होता. अक्कांच्या दारापुढे चढ, मऊ माती. इंजिन बंद पडलं तर परत सुरू व्हायचं नाही, म्हणून सासरे उतरले आणि मी त्यांच्या जागी बसून अॅक्सिलरेटर दाबून धरला. आतून पुरणाचा वास येत होता.

सासरे पाया पडायला वाकू लागले, पण अक्कांनी त्यांना वाकूच दिलं नाही. गळ्यात पडून दोघंही रडली. माझेही डोळे भरून आले, पण पाय उचलता येत नव्हता.

थोड्या वेळानं अक्का काठी टेकत जीपशी आल्या. हातात गाडीला घालायची झेंडूची माळ होती. “जावई आत का येईना?” त्यांनी विचारलं.

“बसू दे त्यास्नी,” सासरे म्हणाले. “कालपास्नं आमचा स्टार्टर तेच हायत.”

अक्कांनी हातातल्या माळेकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं, आणि भक्तिभावानं ती माझ्या गळ्यात घातली.