डोक्यावरचा अर्थसंकल्प

अर्थसंकल्प मला कळतो. आमच्या घरात तो कळणारा मी एकटाच! बाकीच्यांना हे मान्य नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

त्या दिवशी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. संध्याकाळी सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो निघणार होता.

"केस नुसते सारखे करून या," बायकोने बजावलं. "आहेत तेवढे तरी फोटोत दिसू देत."

सलूनमध्ये चष्मा काढून मी खुर्चीत बसलो. रेडिओवर अर्थसंकल्पाचीच चर्चा चालली होती. केस कापणाऱ्या दादांचं मत असं, की सरकारने कर माफ करावेत आणि खर्च मात्र सढळ हाताने करावा. लोकांच्या हातात पैसा खेळला की लोक वेळच्या वेळी दाढी करतात. पैसा आणायचा कुठून, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते सरकारने बघावं.

एवढं अज्ञान मला सोसेना.

"दादा, माझं डोकंच घ्या. डावी बाजू उत्पन्न, उजवी बाजू खर्च. उजवीकडे जास्त आहे ना?"

"किंचित आहे."

"मग कापा!"

त्यांनी कापलं. आता डावीकडे शिल्लक पडली. मग लोकांना करात सवलत द्या, असा हट्ट धरून दादांनी डावीकडे कात्री चालवली. सवलत जरा सढळच झाली. म्हणजे पुन्हा तूट! मी पुन्हा खर्चावर बोट ठेवलं. दोघांचीही तत्त्वं पक्की, त्यामुळे माघार कोणीच घेईना. बाकावर बसलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र बाजूला ठेवून आमच्याकडे बघू लागले. माझे मुद्दे त्यांना पटत असावेत, असं मला वाटलं.

शेवटी दादांनी हात टेकले. "मान्य, साहेब. तूट शून्य. दोन्ही बाजू अगदी सारख्या."

मी ऐटीत चष्मा चढवला. आरशात माझे दोन कान दिसले. त्यांच्या वर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी बायकोने दार उघडलं आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. मी तिला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं.

"मग वादात जिंकलं कोण?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

तिने माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"अहो, मग त्या हरलेल्याचं काय झालं असेल?"