शहाण्णव खड्ड्यांची मोहीम

समस्त सुज्ञांस जाहीर व्हावे की, आमची थोरली कन्या, लसमुलखाची सरदार, रक्तातील शिपायांची नस जाणणारी संशोधकबाई, इणे सात वर्षे संगणकाशी झुंजून जी फत्ते केली, तिची हकिकत आम्ही तिच्या मातोश्रींनी, चौथीत शाळा सुटली असता, स्वहस्ते लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका काढील त्याने आधी असली एक कन्या वाढवून दाखवावी.

मूळ वृत्तांत ऐसा. रोगाचा जंतू हा गनीम. तो अंगात शिरतो, आणि त्यास धरावयास अँटीबॉडी नामे शिपाई रक्तातून निघतात, आणि लाखांत कामाचे थोडे, बाकी भरताड. कोणाची पकड पक्की हे आधी संगणकावर ताडावे, आणि त्याजवरून नवी लस रचावी, ही कन्येची मसलत. परंतु प्रयोगशाळेचे मातब्बर सरदार नळीपंत, ज्यांची हयात नळ्या हलविण्यात गेली, त्यांस हे रुचेना. जे डोळ्यांस दिसत नाही ते विज्ञान नव्हे, असे ते चहाच्या टेबलावरून फर्मावीत, आणि कन्येस ज्योतिषीणबाई म्हणत. कपाळावर चष्मा ठेवून तोच चष्मा खोलीभर शोधणारा हा पुरुष.

मग संचालकसाहेबांचा हुकूम सुटला की, कन्येने दहा शिपाई निवडावे, नळीपंतांनी ते पारखावे, आणि दहाही पडल्यास संगणकाचा कारखाना मोडून कन्येस भांडारात याद्या करावयास बसवावे.

ते समयी शहाण्णव खड्ड्यांची प्लेट सजली. शिपायाने गनीम धरला तर खड्डा पिवळा, न धरला तर कोरा. कन्येचे दहा वरल्या ओळीत, संगणकाने नापास केलेले तळच्या ओळीत, आणि चारी कोपरे रिकामे, हा नळीपंतांचा पिढीजाद रिवाज. मग प्लेट यंत्रात गेली आणि निकाल आला. वरचे दहाही आडवे, आणि तळच्या नापासांत सात पिवळेजर्द. नळीपंत शीळ घालीत दालनभर हिंडले.

संध्याकाळी कन्या बूट न काढताच टेबलाशी बसली, आणि निकालाचा कागद आम्हांपुढे टाकून म्हणाली की, सात वर्षे मातीत गेली. आम्ही चष्म्याविना कागद उचलला, आणि मोठ्या दिमाखाने पाहून सांगितले की, वरल्या ओळीत सात पिवळे आहेत, रडायला काय झाले.

"आई, कागद उलटा धरलायस तू."

"असू दे. तुझ्या त्या पंतांनी तरी आयुष्यात काय सुलट धरलंय?"

आम्ही बोललो ते निव्वळ जिभेची खाज म्हणून. कन्या मात्र जागच्या जागी थिजली. प्लेट यंत्रात उलटी गेली असेल तर वरची ओळ खाली वाचली जाणार, आणि चारी कोपरे रिकामे म्हणून कोणास पत्ता लागणार नाही.

दुसरे दिवशी कन्येने अर्ज गुदरला की, पारख पुन्हा व्हावी, आणि सर्वांदेखत व्हावी. तीस वर्षांत आपला हात चुकला नाही, असे नळीपंत गरजले. तरी हुकूम झाला, आणि नवी प्लेट सजली, आणि पंत यंत्रापुढे उभे राहिले. प्लेटीचा एक कोपरा मुद्दाम कापलेला असतो, दिशा कळावी म्हणून. जुन्या यंत्रात तो उजवीकडे ठेवीत, गेल्या महिन्यात आलेल्या नव्यात डावीकडे, आणि पंतांचा हात अद्याप जुन्यातच नांदत होता.

"सर, कोपरा," कन्या एवढेच बोलली.

पंतांनी प्लेट फिरविली. कानाच्या पाळ्या लाल जाहल्या त्या सर्व दरबाराने पाहिल्या. मग कन्येचे सात पिवळे, तीन कोरे, आणि तळची ओळ साफ झोपलेली. कारखाना राहिला, याद्या टळल्या.

दोन दिवस पंत चहास फिरकले नाहीत. तिसरे दिवशी कोरा कागद घेऊन कन्येच्या टेबलाशी खाशी स्वारी आली, आणि स्वतः खुर्ची ओढून बसली.

"बाई, पुढचे दहा कोणते करू?"

कन्या म्हणाली की, आधी हे तीन का पडले ते पाहू. आणि दोघेही त्या तीन मुडद्यांवर डोकी लावून जे बसले ते अद्याप उठले नाहीत. येणेप्रमाणे फत्ते जाहली. ती साजरी करावयास जिंकणारीस सवड नाही, हरणाऱ्यासही नाही, सबब आम्हीच येथे नोंदविली.